लेक अमेरिकेतल्या खेड्यात राहत असेल तर तिथले सहा महिने कसे काढायचे

आमच्या कोथरूडातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपमधल्या दोघीतिघींची मुलं आता अमेरिकेत अगदी आडगावात नोकरीला लागलीयत आणि व्हिसा झाला की त्या पहिल्यांदा मला विचारतात की तू तिथे काय केलंस, वेळ कसा गेला, बरोबर काय काय नेलंस. दर वेळी तेच सांगते म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्यांचा सल्ला या बाबतीत फारसा कामाचा नाही, तिकडे देऊळ आहे, मंडळाचा गणपती आहे, कोपऱ्यावर मेथीची जुडी मिळते. खेड्यात यातलं काहीच नसतं.

आधी मुलं तिथे जातातच का, तर बरीच जण डॉक्टर असतात. जे-१ व्हिसावर तिथे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं शिक्षण, केली की नियमाने २ वर्षं मायदेशी परतावं लागतं, पण जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात ३ वर्षं नोकरी केली तर ती अट माफ होते. माझी लेक लहान मुलांची डॉक्टर, ती याच वाटेने आयोवा राज्यातल्या एका दीड हजार वस्तीच्या गावात गेली. जवळचं इंडियन स्टोअर राज्याच्या राजधानीत, दे मॉइनला, ९० मैलांवर, म्हणजे पुणे-मुंबईइतकं लांब.

मी दोनदा राहून आले, एकदा नोव्हेंबर ते एप्रिल आणि एकदा मे ते ऑक्टोबर. तुमच्या हातात असेल तर पहिल्यांदा मे ते ऑक्टोबरच जा, यावर मी अजिबात दुसरं मत ऐकणार नाही. डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो, जानेवारीत एकदा उणे २० फॅरनहाइट झालं होतं म्हणजे आपले उणे २९ सेल्सिअस, आणि अशा दिवसात घराबाहेर पायच टाकता येत नाही, मुलं कामावर आणि आपण खिडकीत. (फॅरनहाइटचा अंदाज घ्यायचा तर आकड्यातून ३० वजा करून निम्मं करायचं, ७० म्हणजे साधारण २०. कडाक्याच्या थंडीत हा हिशोब चुकतो, पण रोजच्याला पुरतो.) हिवाळ्यात जावंच लागलं तर जाड जॅकेट आणि बूट इथून घेऊ नका, इथे मिळणारं तिथल्या थंडीला पुरत नाही, तिथेच घ्या. आणि गाडीत ब्लँकेट, पाणी, फावडं नेहमी असू द्या. बर्फात गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, गाडीतच बसून मदतीची वाट बघायची.

बॅगेचं सांगते. इथला मिक्सर नेऊ नका, तिथे १२० व्होल्ट असतं, आपला २३० चा मिक्सर त्याच्यावर नीट फिरतच नाही. ११० व्होल्टचा मिक्सर म्हणून वेगळा मिळतो, तो घ्या. कुकर सपाट बुडाचा हवा कारण शेगडी बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिकची असते, आणि दोन जास्तीच्या गास्केट घ्या कारण ती तिथे गावात मिळणार नाही. कढीपत्ता ओला नेऊ नका, लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारी कीड त्याच्यातून जाते म्हणून त्याच्यावर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताजी फळं, आंबे तर नाहीच. बाकी मसाले, लोणचं वगैरे जे काही खायचं असेल ते कस्टमच्या वेळी सरळ सांगून टाका, खाण्याचं सामान आहे म्हणून, लपवण्यात काही अर्थ नाही. रोजच्या गोळ्या सगळ्या मुक्कामाच्या पुरतील इतक्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका, तिथलं हॉस्पिटलचं बिल आपल्या कल्पनेच्या बाहेरचं असतं. आणि उतरल्यावर लेकीला आय-९४, म्हणजे किती दिवस राहायची परवानगी आहे त्याची नोंद, ऑनलाइन काढायला सांगून परतीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, व्हिसा १० वर्षांचा असला तरी एका वेळी राहायला साधारण ६ महिनेच मिळतात.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. दोन जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या नक्की घ्या. का ते पुढे सांगते.

घरात गेल्यावर पहिलं काम म्हणजे फोडणीचं. छताला धुराचा अलार्म असतो आणि मोहरी-हिंगाच्या पहिल्या फोडणीला तो कानठळ्या बसेल असा वाजतो. एक्झॉस्ट लावायचा, खिडकी उघडायची, आणि मगच तेल तापत ठेवायचं. अलार्मची बॅटरी काढून ठेवायचा मोह होतो, पण काढायची नाही, लाकडाची घरं आहेत आणि फायर ब्रिगेड म्हणजे गावातलीच माणसं स्वेच्छेने करतात, हातातलं काम टाकून येतात. गावाबाहेर घर असेल तर ड्रेनेज नसतं, सेप्टिक टँक असतो, त्यामुळे उरलेलं तेल, भाताची पेज, खरकटं सिंकमध्ये ओतायचं नाही, डब्यात भरून कचऱ्यात टाकायचं.

मग पत्ता. पहिल्याच दिवशी घराचा पूर्ण पत्ता कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. ९११ ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन केला तर पहिला प्रश्न पत्त्याचाच असतो, आणि तिथे मारुतीच्या देवळामागे असं सांगून चालत नाही. लेकीचं घर चारी बाजूंनी मक्याच्या शेतात आणि रस्त्याचं नाव २४० वी स्ट्रीट! मला वाटलं लेक गंमत करतेय, पण काउंटीभर, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागात, खडीच्या रस्त्यांना असेच नंबर दिलेले आहेत.

आणि ते रस्ते फार सोपे आहेत, एकदा कळलं की हरवायची भीती जाते. १७८५ साली त्यांनी जमीन मोजायचा कायदा केला आणि पुढे सगळा मुलूख चौकोनात आखला, ६ मैल बाय ६ मैलाची टाउनशिप, तिच्यात ३६ चौकोन, प्रत्येक चौकोन १ मैलाचा म्हणजे ६४० एकर. आयोवात त्या रेघांवरूनच रस्ते गेलेत. त्यामुळे घरातून निघून तुम्ही चार वेळा डावीकडे वळलात की बरोब्बर ४ मैलांची फेरी होऊन परत दारात. साडेसहा किलोमीटर होतात, तळजाई चढून उतरल्यासारखं वाटतं, फक्त चढ नाही. मी रोज हीच फेरी करायचे. डाव्या कडेने चालायचं म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, अंगात भडक रंगाचं काहीतरी हवं, घरी आल्यावर पायाला गोचीड चिकटली नाही ना ते बघायचं. ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर जातो आणि चौकात आडव्या रस्त्यावरची गाडी दिसतच नाही, तिथे थांबून कानाने ऐकायचं आणि मग ओलांडायचं. शिकारीच्या दिवसात, साधारण ऑक्टोबरनंतर, केशरी जॅकेट घातल्याशिवाय फिरू नका. आणि कोणाच्या शेतात किंवा अंगणात शॉर्टकट म्हणून घुसू नका, बऱ्याच घरात बंदूक असते, आपण ओळखीचे नसतो.

पहिले पंधरा दिवस प्रत्येक गाडी माझ्याजवळ येऊन थांबायची. काच खाली करून विचारायचे, सगळं ठीक आहे ना, गाडी बंद पडलीय का, सोडू का कुठे. तिथे कोणी उगीच चालत नाही त्यामुळे चालणारं माणूस म्हणजे अडचणीतलं माणूस असा त्यांचा समज. मला आधी दडपण आलं, कोण कुठला माणूस आणि आपण काय बोलायचं. पण हसून, मी डॉक्टरची आई, फिरायला निघालेय, एवढं सांगितलं की झालं, आठवड्यात सगळ्या पंचक्रोशीला कळलं आणि मग गाडीतून नुसतं स्टिअरिंगवरचं एक बोट वर व्हायचं. तो तिथला रामराम. समोरून कोणीही येवो, ओळखीचं असो नसो, हात वर करायचाच, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. सगळेच गोड असतात असंही नाही हां. एका दुकानात एका माणसाने मला परत कधी जाणार असं ज्या सुरात विचारलं तो सूर मला अजून आठवतो. मी तारीख सांगितली आणि बिल देऊन बाहेर आले, आणि घरी येऊन लेकीला सांगितलं, मनात ठेवलं नाही. तुम्हीही ठेवू नका.

हे सगळं ठीक आहे, पण खरा प्रश्न एकटेपणाचा असतो आणि त्याच्याबद्दलच मला मनापासून सांगायचंय. सकाळी सातला लेक-जावई जातात, नातू डे-केअरमध्ये, आणि घरात इतकी शांतता की फ्रीजचा आवाज ऐकू येतो. आपल्याकडे भाजीवाला, दूधवाला, कचऱ्याची गाडी, समोरच्या काकू, काही नाही तर पीएमपीचा हॉर्न तरी असतो. पहिल्या खेपेला मी तीन आठवडे कोणीतरी येईल म्हणून वाट बघितली. कोणी आलं नाही. त्यांना वाटत होतं की आपण न बोलावता गेलो तर या बाईंना आवडणार नाही, आणि मला वाटत होतं यांना माणूसघाणेपणा आहे. दुसऱ्या खेपेला मी पहिल्या आठवड्यातच बाहेर पडले आणि सगळं चित्र बदललं. त्यामुळे नियम असा करा की रोज घरातून निघायला स्वतःचं एक कारण हवं, लेकीला सुट्टी असेल तेव्हा जाऊ असं नाही.

जायचं कसं, तर गाडी चालवता येत असेल तर इथून आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, १ वर्ष चालतं, आणि त्या राज्याचा नियम लेकीला आधी बघायला सांगा. स्कूल बसच्या बाजूची स्टॉप लिहिलेली लाल पाटी बाहेर आली की मागची गाडी तर थांबतेच, पण साध्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणारीसुद्धा थांबते, हे पक्कं लक्षात ठेवा. मला गाडी येत नाही. पण आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंटीत फोन करून बोलवायची मिनीबस असते, आदल्या दिवशी फोन करायचा, दारात येते, फार पैसे नाही घेत. लेकीला तिथे दोन वर्षं राहून हे माहीत नव्हतं, मला लायब्ररीतल्या बाईंनी सांगितलं.

तर लायब्ररी. पहिल्यांदा तिथेच जा. गाव केवढंही असो, लायब्ररी असतेच, बऱ्याच गावात अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून बांधलेली जुनी विटांची इमारत, त्याने अमेरिकेत १,६०० च्या वर लायब्ऱ्या बांधून दिल्या. लेकीच्या पत्त्यावर मला कार्ड मिळालं. तिथे गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचे कागद भिंतीला लावलेले असतात, कुठे कधी काय आहे ते तिथेच कळतं. तिथल्याच एका कपाटात मला शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर भेटला, ज्याचं नाव आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. तो १८९० साली इंडियानोलाच्या सिम्पसन कॉलेजात शिकला आणि तिथून पुढे एम्सला शेतकीचं शिक्षण घेतलं, दोन्ही गावं आयोवातच! मी त्या बाईंना सांगितलं की आमच्याकडे मराठीत हा माणूस घराघरात माहीत आहे तर त्या उठून उभ्याच राहिल्या, त्यांना खरंच वाटेना. एम्स आणि इंडियानोला दोन्ही दे मॉइनजवळ आहेत, सामान आणायला जाल तेव्हा जरूर बघून या.

आता साड्यांचं. भिंतीवर एक कागद होता, दर गुरुवारी दहा वाजता चर्चच्या तळघरात क्विल्ट शिवायला या. क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच की. मी गेले. आठ-दहा बायका, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, मोठ्या चौकटीभोवती बसून टाके घालत होत्या. मी पिशवीतून आईची जुनी नारायणपेठी काढली, घड्या घातल्या आणि काठाकडून धावदोरा घालत आत आत कसं जायचं ते करून दाखवलं. इंग्लिश मला बेताचंच येतं, पण सुईला काही लागत नाही. आमच्या रस्त्यावरच्याच एक आजी तिथे होत्या, त्यांनी पुढच्या गुरुवारी त्यांच्या आईने त्यांच्या लहानपणी केलेला क्विल्ट आणला. त्या काळात कोंबड्यांचं खाद्य आणि पीठ छापील कापडाच्या पोत्यातून यायचं, आणि बायका ती पोती उसवून मुलींचे फ्रॉक शिवायच्या, उरलेल्या तुकड्यांचा क्विल्ट. त्या बोट ठेवून दाखवत होत्या, हा माझ्या बहिणीचा फ्रॉक, हा माझा. एका तुकड्याच्या कडेला पोत्याच्या शिवणीची भोकं अजून दिसत होती, ओळीने, बारीक. मी माझ्या साडीच्या पदराला लागलेला जुना रफू दाखवला. त्या दिवसापासून मला तिथे एकटं वाटलं नाही. तुम्हाला शिवण येत नसेल तर विणकाम, भजन, बाग, रांगोळी, जे हातात असेल ते घेऊन जा, रिकाम्या हाताने नुसत्या गप्पा मारायला जाणं जास्त अवघड असतं. चर्चमध्ये कसं जायचं असं बऱ्याच जणी विचारतात. मला कोणी धर्म बदल म्हणालं नाही, प्रार्थनेला बोलावलं तेव्हा नको म्हटलं की पुन्हा आग्रहही झाला नाही.

ओळख झाली की पॉटलकचं बोलावणं येतं, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा. शाकाहारी असाल तर ताट वाढून घेताना विचारा, फरसबीच्या भाजीत बेकन असतं, उकडलेल्या बीन्समध्ये चरबी असू शकते, आणि लाल-हिरवं थरथरणारं गोड जे सॅलड म्हणून ठेवतात त्याच्यात जिलेटिन असतं, तेही प्राण्यापासूनच येतं. आपण काय न्यायचं तर मी पहिल्यांदा खमंग काकडी नेली, दाण्याचं कूट भरपूर घालून. टेबलावर ठेवतेय तेवढ्यात एका बाईंनी विचारलं याच्यात काय आहे, मी पीनट म्हटलं आणि त्यांचा चेहराच बदलला, त्यांच्या नातवाला शेंगदाण्याची अॅलर्जी, नुसतं चाटलं तरी श्वास अडकतो. मी भांडं उचलून थेट गाडीत नेऊन ठेवलं, हात धुतले, आणि बराच वेळ छातीत धडधडत होतं. तेव्हापासून प्रत्येक भांड्यासमोर कागद ठेवते, आत काय काय आहे ते लिहून, दाणे-काजू-दूध-गहू. मग गाजर हलवा काजूशिवाय केला, तो मात्र चाटूनपुसून गेला. जेवणाची वेळही नीट विचारून घ्या, म्हातारी शेतकरी माणसं डिनर म्हणतात ते दुपारचं असतं, संध्याकाळच्याला सपर म्हणतात आणि ते साडेपाचला! निघताना मात्र अगदी आपल्यासारखंच, मांडीवर थाप मारून चला म्हणायचं, मग दारात अर्धा तास, मग गाडीपाशी अर्धा तास.

वादळाचं आता नीट वाचा. एप्रिल ते जून-जुलै टॉर्नेडोचे दिवस. फोनवर वॉच आलं तर वादळ होण्यासारखी हवा आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग आली तर वादळ दिसलंय किंवा रडारवर आहे, ताबडतोब तळघरात. गावात भोंगा असतो, बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी तो तपासायला वाजवतात, तो दिवस कोणता ते आधी विचारून ठेवा म्हणजे उगीच घाबरणार नाही. जूनमध्ये एका संध्याकाळी मी आणि नातू दोघंच घरात, आकाश हिरवट झालेलं, वारा एकदम पडला आणि भोंगा सुरू झाला. मी खिडकीत बघत उभी राहिले. तेवढ्यात त्या क्विल्टवाल्या आजींचा फोन, खाली जा, आत्ता, आणि बूट घाल. फक्त एवढंच. मी पोराला उचललं, चपला टाकून बूट घातले, खाली जिन्याखाली बसलो, चाळीस मिनिटं. वादळ दोन मैलांवरून गेलं, आमच्याकडे फक्त फांद्या पडल्या. बूट का ते मला नंतर कळलं, घर मोडलं तर बाहेर येताना सगळीकडे काचा आणि खिळे असतात. म्हणून तळघरात जिन्याखाली एक खोकं भरून ठेवा, बूट, टॉर्च, पाणी, गोळ्या, चार्जर, पोरासाठी बिस्किटं. जायच्या आधी लेकीकडून फोनवर हे इशारे सुरू करून घ्या.

छान गोष्टी आपोआप दिसतात, त्यांच्या मागे धावायला लागत नाही. जुलैत रस्त्याच्या कडेला टेबलावर कणसं रचून ठेवलेली, बाजूला पत्र्याचा डबा, माणूस कोणी नाही, तुम्ही डझन उचलायची आणि डब्यात पैसे टाकायचे, सुटे मात्र बरोबर ठेवा. हे गोड मक्याचं कणीस वेगळं आणि मैलोन्मैल शेतात दिसतो तो मका वेगळा, तो जनावरांसाठी आणि इथेनॉलसाठी, तो तोडू नका, खाता येणार नाही आणि चोरीही होते. जुलैत काउंटीची जत्रा असते, शाळेतली पोरं स्वतः वाढवलेली वासरं, शेळ्या, कोंबड्या घेऊन येतात. ऑगस्टमध्ये दे मॉइनला राज्याची मोठी जत्रा, तिथे १९११ पासून लोण्याची गाय करून ठेवतात, खऱ्या गायीएवढी. आणि रात्री एकदा सगळे दिवे बंद करून अंगणात खुर्ची टाका. आकाशगंगा मी लहानपणी जुन्नरला मामाकडे बघितली होती, त्यानंतर थेट तिथेच.

निघायच्या आधी लायब्ररीची पुस्तकं परत करा, मिनीबसच्या ड्रायव्हरला सांगा, आणि जिच्याशी सूर जुळलाय तिला फोन नंबर देताना वेळेचा फरकही कागदावर लिहून द्या. उन्हाळ्यात ते आपल्या साडेदहा तास मागे असतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि मग साडेअकरा तास, मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेदहा. आजी शनिवारी रात्री आठला फोन करतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहा. हिवाळ्यात साडेसात होतात. आमची अर्धी गोधडी त्यांच्याकडे आहे, किती टाके झाले ते सांगतात.